कोलबेअर आणि लेट शो : सोंग उतरवल्यावर विडंबनकार टिकतो का?

रातकिडा

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'लेट शो' करणाऱ्या डेव्हिड लेटरमननं एप्रिल २०१४ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि आठवड्याभरात सीबीएसनं त्याच्या जागी स्टीफन कोलबेअरचं नाव सांगितलं. वादाला तेव्हाच तोंड फुटलं. ज्याचं नाव राजकीय विडंबनावर झालं, त्याला रात्री साडेअकराचा, सगळ्या घरासाठीचा गप्पांचा कार्यक्रम झेपेल का? आता तो कार्यक्रमच मे २०२६ मध्ये बंद करणार असं जाहीर झाल्यावर 'बघा, शेवटी नाहीच झेपला' असं म्हणणारे बरेच जण भेटले. मला ते मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोलबेअरला लेट शो झेपला. सुरुवातीला तो चाचपडला, कारण त्यानं विडंबन बाजूला ठेवलं होतं. ते परत हातात घेतलं तेव्हा त्याचा जम बसला.

ज्यांनी जुना 'कोलबेअर रिपोर्ट' पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. ऑक्टोबर २००५ ते डिसेंबर २०१४, कॉमेडी सेंट्रलवर आठवड्यातून चार रात्री अर्धा तास. कोलबेअर त्यात एका अडाणी, घमेंडखोर उजव्या वृत्तनिवेदकाचं सोंग घ्यायचा. फॉक्स न्यूजच्या बिल ओ'रायलीवर बेतलेलं ते पात्र होतं आणि त्याचं नावही स्टीफन कोलबेअरच. या पात्राचा स्वभाव कळायला मुलाखतीची सुरुवात पाहिली तरी पुरते. बाकीचे यजमान पाहुण्याला टाळ्यांच्या गजरात आत बोलावतात. इथे पाहुणा आधीच पलीकडच्या टेबलाशी बसलेला असायचा. त्याचं नाव पुकारलं की कोलबेअर स्वतःच आपल्या टेबलामागून उठून धावत सुटायचा, लोकांच्या टाळ्या हात पसरून स्वतःच घ्यायचा, आणि पाहुणा बिचारा बसून बघत राहायचा. मुलाखतीआधी मात्र तो पाहुण्याला भेटून समजावून सांगायचा की मी एका मूर्ख माणसाचं काम करतोय, तुम्ही खरं बोला आणि माझं अज्ञान दूर करा.

हे सोंग त्यानं कुठं कुठं नेलं! २००६ साली व्हाइट हाउसच्या वार्ताहरांच्या मेजवानीत, जॉर्ज बुश त्याच टेबलावर बसलेले असताना, त्यांचं कौतुक करतोय असं दाखवत त्यानं त्यांची सालटी काढली. २०१० मध्ये शेतमजुरांच्या प्रश्नावर अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यानं याच पात्राच्या आवाजात साक्ष दिली. पुढे निवडणुकीत पैसा कसा शिरतो ते दाखवायला खरोखरीची सुपर पॅक (निवडणूक प्रचारासाठी अमर्याद देणग्या घेऊ शकणारी समिती) काढली, तीत दहा लाख डॉलरच्या वर निधी जमवला, आणि निवडणूक आयोगाचे माजी अध्यक्ष ट्रेव्हर पॉटर यांना कार्यक्रमात बोलावून कायद्यातल्या पळवाटा एकेक करून लोकांसमोर मांडल्या. त्याबद्दल त्याला प्रसारण क्षेत्रातला पीबडी पुरस्कार मिळाला.

८ सप्टेंबर २०१५ ला एड सलिव्हन थिएटरमध्ये तो सोंगाशिवाय उभा राहिला. पहिले सात-आठ महिने मी नेटानं पाहिले आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच भाग पाहवले नाहीत. त्याला सगळ्यांना खूष ठेवायचं होतं. नाच, गाणी, पाहुण्यांचं तोंडभर कौतुक, मध्येच एखादा शास्त्रज्ञ, मध्येच एखादा उद्योजक. प्रेक्षकसंख्येत एनबीसीचा जिमी फॅलन पुढे होताच, कधी कधी एबीसीचा जिमी किमेलही पुढे जायचा. माणूस हुशार आहे, सभ्य आहे हे दिसायचं. पण आज रात्री हा आपल्याला काय सांगायला आलाय ते कळायचं नाही.

शिवाय कार्यक्रमाचा सगळा कारभार तो स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होता. एप्रिल २०१६ मध्ये सीबीएसच्या सकाळच्या बातम्या सांभाळणारा ख्रिस लिख्ट निर्माता म्हणून आला, बाकीची उस्तवार त्यानं उचलली आणि कोलबेअर लिहिण्या-बोलण्यापुरता मोकळा झाला. जुलैमध्ये दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांच्या दिवसांत त्यांनी रोज थेट प्रक्षेपण केलं. भाषण आत्ता संपलंय आणि हा अर्ध्या तासात त्यावर बोलतोय! तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा माणूस परत आला. २०१७ च्या सुरुवातीला त्यानं फॅलनला गाठलं, आणि त्यानंतर एकूण प्रेक्षकसंख्येत साडेअकराच्या कार्यक्रमांत लेट शो पहिला राहिला तो सलग नऊ हंगाम.

आता तुम्ही बोला. खोडून काढायचं असेल तर जरूर काढा.

चहापोहे

छान धागा. 'विडंबन बाजूला ठेवल्यामुळे चाचपडला' याला +१.

आमच्याकडे पुण्यात हा कार्यक्रम म्हणजे सकाळचा. तिथलं रात्रीचं स्वगत (म्हणजे सुरुवातीचं बातम्यांवरचं विनोदी बोलणं) इथे नऊ-दहाच्या सुमारास यूट्यूबवर येतं, ऑफिसच्या बसमध्ये तेवढं पाहून होतं. मुलाखती मी क्वचितच पाहते. आमच्या बसमध्ये कोलबेअर पाहणारे आणखी दोघं आहेत, तेही तेवढंच पाहतात. तुमच्या प्रश्नात 'गप्पांचा कार्यक्रम' म्हटलंय, पण आम्ही गप्पा पाहतच नाही, हेही लक्षात घ्या.

जुना खोड

रातकिडा, लेख मनापासून लिहिलाय हे दिसतं, पण मूळ मुद्दा मला मान्य नाही.

रात्रीचा कार्यक्रम कशासाठी असतो? जॉनी कार्सननं १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं 'टुनाइट शो' केला. तो राजकारण्यांवर विनोद करायचाच, वॉटरगेटच्या दिवसांत तर भरपूर केले. पण स्वतः कुठल्या बाजूचा ते त्यानं कळू दिलं नाही. १९७९ मध्ये पत्रकार माइक वॉलेसनं त्याला हेच विचारलं होतं. त्याचं उत्तर असं, की एकदा का आपण गंभीर मतं मांडायला लागलो की आपण फार मोठे आहोत असं वाटायला लागतं, आणि विनोद करणाऱ्याला ते घातक असतं. त्याच्या कार्यक्रमात एकाच दिवाणखान्यात दोन्ही पक्षांची माणसं बसून हसत होती. त्याच्यानंतर 'टुनाइट शो' करणाऱ्या जे लेनोनंही तोच मार्ग धरला आणि वर्षानुवर्षं पहिला राहिला.

कोलबेअरनं अर्धा देश सोडून दिला. तो पहिला आला हे खरं, पण चार वाटे झालेल्या भाकरीतला मोठा तुकडा त्याला मिळाला. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या या कार्यक्रमाला रोजचे सरासरी २४ लाखांच्या आसपास प्रेक्षक होते. कार्सनच्या काळाशी तुलनाच नको.

मला कोलबेअर आवडतो. रिपोर्ट तर मी रोज पाहायचो. पण विडंबनकार म्हणून मोठा असणं वेगळं आणि यजमान म्हणून मोठा असणं वेगळं. यजमानाच्या घरी कुणालाही संकोच वाटता कामा नये.

निशाचर

खोडसाहेब, आकड्यांचा मुद्दा उचललात तर पुराच उचला. प्रेक्षक सगळ्यांचेच गेले. फॅलन कुणाला दुखवत नाही, तरी त्याचेही गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यानं ट्रम्पचे केस विस्कटले होते, आठवतंय ना? ते प्रकरण त्याला पुढे बरेच दिवस पुरलं. लोक निवडणुकीनं अस्वस्थ होते आणि हा खेळीमेळीत होता. तो लाडिकपणाच त्याच्या अंगाशी आला असं मला वाटतं. 'कुणालाच संकोच नको' हे धोरण त्या वर्षी तरी चाललं नाही.

आणि एक गोष्ट कोणीच बोलत नाही. फॉक्स न्यूजवर ग्रेग गटफेल्ड २०२१ पासून रोज रात्री कार्यक्रम करतोय. तोही राजकीय विनोदच, फक्त दुसऱ्या बाजूचा. त्याचे प्रेक्षक लेट शोपेक्षा जास्त भरतात. त्याची वेळ आधीची आहे, वाहिनी केबलची आहे, त्यामुळे तुलना तंतोतंत होत नाही हे कबूल. पण राजकीय धार असली की प्रेक्षक पळतात, हे त्यावरून तरी दिसत नाही. मला गटफेल्डचा विनोद आवडत नाही, तरी हे मान्य करावंच लागतं.

सौदामिनी

मला या चर्चेत आधीच्या लोकांची आठवण करून द्यायची आहे, कारण कोलबेअर हा काही पहिला नव्हे.

बिल माहेर. 'पॉलिटिकली इनकरेक्ट' १९९३ मध्ये कॉमेडी सेंट्रलवर सुरू झाला, १९९७ मध्ये एबीसीनं तो आपल्याकडे घेतला. म्हणजे केबलवरचा विडंबनकार मोठ्या वाहिनीवर नेण्याचा प्रयोग कोलबेअरच्या कितीतरी आधी होऊन गेला होता, आणि साडेचार वर्षं बरा चालला होता. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आठवडाभरात माहेर म्हणाला की दोन हजार मैलांवरून क्षेपणास्त्रं सोडणारे आपण भित्रे आहोत. फेडेक्स आणि सिअर्सनं जाहिराती काढून घेतल्या, काही स्थानिक केंद्रांनी कार्यक्रम दाखवणं थांबवलं, आणि २००२ च्या जूनमध्ये तो बंद झाला. पुढच्या वर्षी माहेर एचबीओवर गेला आणि आजतागायत तिथे आहे. एचबीओला जाहिराती नाहीत, लोक वर्गणी भरून पाहतात. माणूस तोच, जीभ तीच, फक्त पैसे देणारा बदलला.

त्याच्याही आधी स्मदर्स बंधू. १९६७ ते १९६९, रविवार संध्याकाळ, वाहिनी पुन्हा सीबीएसच. व्हिएतनाम युद्धावर बोलतात म्हणून त्यांच्या कार्यक्रमातले तुकडे कापले जायचे. एप्रिल १९६९ मध्ये कार्यक्रमच काढून टाकला, तेही प्रेक्षक भरपूर असताना. भाऊ कोर्टात गेले आणि जिंकले, पण कार्यक्रम काही तेव्हा परत आला नाही.

दुसऱ्या बाजूला डेनिस मिलर (१९९२) आणि जॉन स्टुअर्टचा जुना गप्पांचा कार्यक्रम (१९९३ ते ९५) आहेत. हे दोन्ही प्रेक्षकांअभावी बुडाले. तेव्हा स्टुअर्टला 'डेली शो' (कॉमेडी सेंट्रलवरचं बातम्यांचं विडंबन, रिपोर्टच्या आधी कोलबेअरही तिथेच होता) मिळायचा होता.

म्हणून मला वाटतं, रातकिडा, तुमचा प्रश्न दोन प्रश्नांची गल्लत करतो. विडंबनकाराला प्रेक्षक मिळतील का, हा एक. मालक त्याला किती दिवस ठेवून घेईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे वेगवेगळं आलं. दुसऱ्याचं मात्र बहुतेक वेळा एकच आलंय.

रातकिडा

> तुमचा प्रश्न दोन प्रश्नांची गल्लत करतो

सौदामिनीताई, हे फार नेमकं बोललात. मी पहिल्याच प्रश्नाबद्दल लिहीत होतो, दुसरा तुम्ही समोर आणलात.

त्यावर एक प्रसंग. जुलै २०१६ मध्ये कोलबेअरनं ते जुनं पात्र लेट शोवर परत आणलं, जॉन स्टुअर्टही आला होता. थिएटर दणाणून गेलं. लगेच जुन्या कंपनीच्या वकिलांकडून निरोप, की ते पात्र आमच्या मालकीचं आहे. नऊ वर्षं ज्यानं ते पात्र जगवलं त्याच्या नावाचं पात्र, आणि मालकी दुसऱ्याची! तेव्हा कोलबेअरनं प्रेक्षकांना सांगितलं की ते पात्र आता येणार नाही, आणि त्याच दमात त्या पात्राच्या हुबेहूब जुळ्या चुलतभावाला बोलावलं. त्याचंही नाव स्टीफन कोलबेअर.

खोडसाहेब, तुमच्यासाठी : कार्सनच्या काळी वाहिन्या तीन होत्या. एका दिवाणखान्यात दोन्ही पक्षांची माणसं बसत होती, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. कार्सनचं कौशल्य मी कमी लेखत नाही. पण आज तसा यजमान आणून बसवला तरी तो दिवाणखाना परत भरणार नाही.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत राहतो, लेट शोच्या चित्रीकरणाला जाऊन आलोय, म्हणून थोडं आतलं सांगतो. तिकीट फुकट असायचं, पण आधी नाव नोंदवावं लागायचं आणि ब्रॉडवेवर रांगेत बराच वेळ उभं राहावं लागायचं. चित्रीकरण संध्याकाळी होतं. थिएटर टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे, चारेकशे माणसांचं. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो गारठा. स्वेटर हवाच.

मला सांगायचंय ते चित्रीकरणाआधीच्या पाचेक मिनिटांबद्दल. एक विनोदी कलाकार येऊन लोकांना तापवतो, बँड वाजतो, आणि मग कॅमेरे सुरू होण्याआधी कोलबेअर स्वतः बाहेर येऊन प्रेक्षकांचे प्रश्न घेतो. मी गेलो त्या दिवशी एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं की नाटकाचं शिक्षण घ्यावं की नाही. उत्तर गमतीनं सुरू झालं, मग तो तिच्या बाजूला सरकला आणि शिकागोत 'सेकंड सिटी'मध्ये उत्स्फूर्त नाट्य करायचा तेव्हाच्या आठवणी सांगायला लागला. समोरच्याचं वाक्य नाकारायचं नाही, ते उचलायचं आणि पुढे न्यायचं, हे तिथलं शिक्षण. मागे कोणीतरी घड्याळ दाखवत होतं, तरी तो बोलत होता. त्या चार मिनिटांत सोंग नव्हतं, राजकारण नव्हतं, आणि संबंध संध्याकाळीतला सगळ्यात जिवंत भाग तोच होता.

म्हणून खोडसाहेबांना माझं सांगणं, की यजमानपण त्याच्यात भरपूर आहे. टीव्हीवर तेवढं येत नाही, कारण सहा-सात मिनिटांत पाहुण्याला सिनेमाची जाहिरात करून उठायचं असतं.

मनवा

जर्सीकरदादांच्या मुद्द्याला धरूनच लिहिते. ते यजमानपण टीव्हीवर आलंय, पण ते पाहायला स्वगत संपल्यावर थांबावं लागतं. (चहापोहे, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय.)

कार्यक्रम सुरू झाला त्याच आठवड्यात, १० सप्टेंबर २०१५ ला, जो बायडन आले होते. तेव्हा ते उपाध्यक्ष होते. थोरला मुलगा बो मे महिन्यात कर्करोगानं गेला होता. अध्यक्षपदाला उभे राहणार का, हा सगळ्या देशाचा प्रश्न. कोलबेअरनं तो विचारला, पण आधी मुलाबद्दल बोलू दिलं. आणि बोलू दिलं म्हणजे खरंच बोलू दिलं : मध्ये विनोद नाही, संगीत नाही, टेबलावर हात ठेवून गप्प ऐकणं. बायडन बोलता बोलता थांबत होते, डोळे पुसत होते, आणि कोलबेअर त्या थांबण्यात घुसत नव्हता. मग बायडननीच विषय कोलबेअरकडे वळवला, त्याच्या आईबद्दल बोलले.

हे का घडलं ते कळायला मागचं माहीत हवं. कोलबेअर अकरा भावंडांत सगळ्यात धाकटा. ११ सप्टेंबर १९७४ ला शार्लटजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान पडलं, त्यात त्याचे वडील आणि त्याच्याहून थोडे मोठे दोन भाऊ गेले. तो दहा वर्षांचा होता. थोरली भावंडं आधीच घराबाहेर पडलेली, त्यामुळे चार्ल्सटनच्या घरात आई आणि तो एवढेच राहिले.

रिपोर्टमध्ये हा माणूस आपल्याला नऊ वर्षं दिसलाच नव्हता, कारण त्या पात्राला दुसऱ्याचं ऐकताच येत नव्हतं. २०२१ मध्ये अँड्र्यू गारफिल्ड आईच्या जाण्याबद्दल बोलला, तेही याच खुर्चीत. दुआ लिपानं तर उलट त्यालाच विचारलं की तुझी श्रद्धा आणि तुझा विनोद यांचा एकमेकांशी संबंध काय, आणि त्यानं कॅथलिक म्हणून अगदी सविस्तर उत्तर दिलं. मोठ्या वाहिनीवर रात्री बारा वाजता दुःख आणि श्रद्धा यांबद्दल कोण बोलतं?

रातकिडा, तुमच्याशी माझा मतभेद इथे आहे. तुम्ही म्हणता विडंबन परत घेतल्यावर जम बसला. प्रेक्षकसंख्येपुरतं ते बरोबर असेल. पण तो जे करू शकला आणि इतरांना जमलं नाही ते हे आहे, आणि ते पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं.

जुना खोड

मनवा, बायडनची मुलाखत मी पाहिलेली नाही. आज पाहतो.

एक विचारतो. हे असं बोलू शकणारा माणूस पुढे स्वतःच रोजच्या स्वगतात एकाच माणसावर बोलत राहिला, हे त्याचं नुकसान नाही का? मे २०१७ मध्ये तर त्यानं ट्रम्प आणि पुतिनवर असा एक शेरा मारला की एफसीसीकडे (प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाकडे) तक्रारींचा ढीग पडला. कारवाई झाली नाही, पण तो शेरा नुसताच ओंगळ होता. २००६ च्या मेजवानीतली नजाकत कुठे आणि हे कुठे! सोंग होतं तोपर्यंत राग गाळून बाहेर येत होता, सोंग गेल्यावर तो सरळ यायला लागला. विडंबनकार म्हणूनसुद्धा तो उतरलाच, असं मला मनापासून वाटतं.

रातकिडा

खोडसाहेब, तो शेरा मलाही आवडला नव्हता. आणि रोजच्या स्वगतात तोचतोचपणा आला हेही नाकारत नाही. २०१८-१९ मध्ये कित्येक रात्री ट्रम्पच्या आवाजाची नक्कल पुन्हा पुन्हा ऐकून कंटाळा यायचा.

पण 'राग सरळ यायला लागला' हे नेहमीच वाईट होतं असं म्हणवत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री शोटाइम या वर्गणीच्या वाहिनीवर त्याचा निवडणुकीचा खास कार्यक्रम थेट चालू होता. निकाल सगळ्यांच्या अंदाजाविरुद्ध जायला लागला, लिहून ठेवलेले विनोद पडायला लागले, प्रेक्षक रडकुंडीला आलेले. शेवटी त्यानं आईबद्दल आणि राजकारणात एवढं विष कुठून आलं याबद्दल साधं, सरळ बोलून कार्यक्रम संपवला. ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर जमाव चालून गेला त्या रात्रीही तो थेट आला आणि संतापून बोलला. त्या दोन रात्री सोंगातल्या कोलबेअरला पेलल्या नसत्या. सोंगातला माणूस हरू शकत नाही, आणि घाबरूही शकत नाही.

निशाचर

कार्यक्रम बंद होण्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

क्रम असा आहे. जुलै २०२५ च्या सुरुवातीला पॅरामाउंटनं (म्हणजे सीबीएसच्या मालक कंपनीनं) ट्रम्पनी सीबीएसच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या बातम्यांच्या कार्यक्रमावरून लावलेला दावा १.६ कोटी डॉलर देऊन मिटवला. कंपनीचं स्कायडान्स या कंपनीबरोबर विलीनीकरण तेव्हा सरकारी परवानगीसाठी अडकलेलं होतं. १४ जुलैला कोलबेअरनं आपल्याच मालकाच्या या व्यवहाराला उघड उघड 'मोठी जाडजूड लाच' म्हटलं. १७ जुलैला कार्यक्रम बंद करण्याची घोषणा. २४ जुलैला विलीनीकरणाला परवानगी.

कंपनी म्हणते निर्णय निव्वळ आर्थिक आहे. वर्षाला चार कोटी डॉलर तोटा होतो अशा बातम्या आल्या. त्यावर पुढच्या सोमवारी तो म्हणाला की २.४ कोटींचा तोटा आमच्यामुळे झाला असेल, हे समजू शकतो, पण उरलेले १.६ कोटी पॅरामाउंटनं कुठे बरं घातले असतील? दहा वर्षांतला त्याचा सगळ्यात चोख विनोद मला तो वाटतो. खोडसाहेब, नजाकत गेली म्हणता, मग हे काय आहे?

जुना खोड

तो विनोद चोख होता, यात शंकाच नाही.

तरी पैशाचं कारण अगदीच खोटं म्हणता येणार नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. रात्रीच्या कार्यक्रमांचं जाहिरातींचं उत्पन्न २०१८ मध्ये ४३.९ कोटी डॉलर होतं, ते २०२४ मध्ये २२ कोटींवर आलं. सेथ मायर्सचा बँड २०२४ मध्ये काढून टाकला. फॅलनचा कार्यक्रम आठवड्यातून चारच दिवस नवा असतो. जेम्स कॉर्डन गेल्यावर सीबीएसनं साडेबाराला स्वस्तातला कार्यक्रम आणला, तोही बंद झाला. लेट शोत २०२५ मध्ये दोनशे माणसं कामाला होती. चहापोहेंसारखे लाखो लोक यूट्यूबवर फक्त स्वगत पाहतात, त्याचे पैसे टीव्हीच्या जाहिरातीएवढे येत नाहीत.

सौदामिनी

दोन्ही खरं असू शकतं. तोटा असेलच. पण तोट्यातला कार्यक्रम असला की खर्च कापतात, बँड काढतात, दिवस कमी करतात, जसं तुम्हीच सांगितलंत. इथे पहिल्या क्रमांकाचा कार्यक्रम नावासकट मिटवून टाकला. त्याच्या जागी दुसरा यजमानही नाही. १९९३ पासून चालत आलेला लेट शोच संपवला.

आणि हे सीबीएसपुरतं राहिलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एफसीसीच्या अध्यक्षांनी उघड इशारा दिल्यावर एबीसीनं किमेलला घरी बसवलं. नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या स्थानिक केंद्रांच्या मालकांनीही आपल्या केंद्रांवरून त्याला काढून टाकल्याचं जाहीर केलं. मोठ्या वाहिनीचा कार्यक्रम म्हणजे नेमकं काय ते इथे कळतं. तो घरोघरी पोचवतात ती स्थानिक केंद्रं, आणि त्या केंद्रांना परवाना सरकारकडून लागतो. केबलला आणि एचबीओला ही भीती नाही. लोकांनी ओरडा केला म्हणून किमेल आठवड्याच्या आत परत आला. माहेर गेल्यावर एबीसीनं ज्याला आणलं तो हाच किमेल, हे आठवलं की माझ्या तर अंगावर काटा येतो.

अंताक्षरी

अवांतर होईल कदाचित, पण आपल्याकडे शेखर सुमनचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' १९९७ मध्ये सोनीवर आला तेव्हा घाट हाच होता : स्वगत, बँड, टेबल, पाहुणे. वाजपेयी आणि लालूप्रसादांच्या नकला घरी सगळे एकत्र बसून बघायचो. आमचे वडील कट्टर वाजपेयीभक्त, तरी ती नक्कल लागली की स्वयंपाकघरातून आईला हाक मारायचे. आज तसा कार्यक्रम मोठ्या वाहिनीवर कोणी लावेल का? मला नाही वाटत. म्हणून कोलबेअरला दहा वर्षं तरी मिळाली याचंच मला अप्रूप आहे.

जर्सीकर

सप्टेंबर २०२५ मध्ये लेट शोला टॉक शो विभागातलं एमी मिळालं, हे इथे नोंदवून ठेवतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आधीची कितीतरी वर्षं ते जॉन ऑलिव्हर न्यायचा, म्हणजे डेली शोमध्ये कोलबेअरच्या मागून आलेला कलाकार, आणि तो एचबीओवर. बंद करायचं ठरल्यावर बक्षीस मिळालं.

जुना खोड

बायडनची मुलाखत पाहिली. मनवा, तुमचं बरोबर आहे. असं ऐकणारा यजमान मी कार्सननंतर पाहिला नव्हता.

रातकिडा, तुमचं मात्र अजून पटलेलं नाही. ही मुलाखत पाहून तर माझं मत आणखी पक्कं झालं. स्वगत निम्मं केलं असतं आणि हे दुप्पट, तर तो याहून मोठा यजमान झाला असता.

रातकिडा

झाला असता की नाही माहीत नाही, पण तसा कार्यक्रम मी नक्की पाहिला असता.

ज्यांना पाहायचंय त्यांनी याच क्रमानं पाहा : २००६ ची मेजवानी, मग बायडन, मग ८ नोव्हेंबर २०१६ चा शेवटचा भाग, मग गारफिल्ड, आणि मग २१ जुलै २०२५ चं स्वगत. चहापोहे, तुम्ही गारफिल्डपासून सुरुवात केलीत तरी चालेल. बसमध्ये पाहू नका मात्र, घरी पाहा.